ब्राझीलचे मास्तर आणि शुद्ध केलेला चेंडू

"पोरीचा आवाज लई गोड आहे, वकीलसाहेब. काय बोलून राहिली ते कळत न्हाई, पण ऐकावंसं वाटतं," असं शेटजी म्हणाले आणि पिकदाणीत थुंकले. पिकदाणी पडद्यापासून हातभर अंतरावर होती. थुंकी पडल्याचा आवाज मला त्यांच्या कौतुकाइतकाच स्वच्छ ऐकू आला.

मी पडद्याच्या आत, न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात उभी होते; पडद्याच्या फटीतून मला बाहेरचं दिसे, मी कोणाला दिसत नसे. बाहेर बैठकीत माझे वकील वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कापसाच्या जिनिंगचे मालक शेटजी आणि आमच्या घरची पूजा सांगणारे गुरुजी लोडांना टेकून बसले होते. त्यांच्यासमोर लाकडी खुर्चीवर, गुडघे जुळवून, ब्राझीलचे मास्तर. त्यांना गादीवर बसवत नसत. साहेब माणसाला खुर्चीच बरी, असं अण्णा म्हणत. खरं कारण आत्याला ठाऊक होतं. मास्तर गेले की ती मोलकरणीला हाक मारी, "खुर्चीवर पाणी टाक गं." त्यांचा चहाचा कपही वेगळा होता. त्याचा कान तुटलेला होता आणि तो ओसरीच्या कोनाड्यात उपडा पडलेला असे.

मला पडद्याआड उभं करण्याचं कारण साधं होतं. निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या कोर्टाचं काम उर्दूत चाले, आणि अण्णांचं उर्दू ऐकायला माणसं मुद्दाम येत; इंग्रजी मात्र तार वाचण्यापुरतं. मास्तरांना पोर्तुगीज आणि मोडकंतोडकं इंग्रजी, एवढंच. मी सिकंदराबादला मामांकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले होते. शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की दंड होई. घरी आल्यावर इंग्रजी शब्द निघाला की आत्या म्हणे, "मडमेला भाकरी वाढा गं." अशाने मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते. मॅट्रिक होऊन घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं, आणि आता एकाएकी घरातल्या पुरुषांना माझ्या तोंडाची गरज पडली होती.

मास्तरांना शेटजींनी आणलं. गावात फुटबॉलचा क्लब निघाला होता. पलटणीची छावणी उठून गेली तरी तिचं मैदान गावाला राहिलं होतं आणि मुलं तिथं चेंडू तुडवत. नांदेडला कपाचे सामने होतात आणि तो कप आपल्या जिनिंगच्या कचेरीत असावा, असं शेटजींच्या मनात आलं. सिकंदराबादच्या एका पलटणीनं काढून टाकलेला कोच स्वस्तात मिळतो असं कळल्यावर त्यांनी त्याला आगगाडीत बसवून आणलं. स्टेशनवर हार घातला, ताशा लावला.

सुरुवातीला मला मास्तरांचीच किळस यायची. ते सकाळी मैदानावर उभ्या उभ्या कच्ची अंडी फोडून गिळत. आमच्या माडीच्या खिडकीतून मैदान दिसे, आणि त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारा पिवळा बलक इतक्या दुरूनही दिसे. मुलांच्या पोटऱ्यांना कापराचं तेल चोळताना ते तळहातावर थुंकत. ज्या रुमालानं बूट पुसत त्यानंच कपाळ. बैठकीत आले की कापूर, घाम आणि अंडं यांचा वास पडद्यातून आत येई आणि मी तोंडानं श्वास घेत भाषांतर करी.

बैठकीत त्यांना बोलावत ते फुटबॉलसाठी नव्हे. जेवण झाल्यावर पान जमवून सगळे त्यांच्या गोष्टी ऐकायला बसत. मास्तर सांतोस नावाच्या बंदरातले. बाप गोदीत कॉफीची पोती उचलायचा. मास्तर तिथं खेळले, मग पाय मोडला आणि खेळायचे ते शिकवायला लागले. तिथून जहाजानं लिस्बन. लिस्बनहून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, तिथून गोवा, मग कलकत्ता, आसामात चहावाल्या गोऱ्यांचा एक क्लब, रंगून, मग पलटण. प्रत्येक ठिकाणी वर्ष-दोन वर्षं. आसाम सोडलं ते का, असं गुरुजींनी विचारलं, तर म्हणाले, मळ्यातला एक मजूर पोरगा गोऱ्यांपेक्षा चांगला खेळायचा, त्याला मी संघात घेतला. रंगून का सोडलं? तिथंही तसंच काहीतरी. "मी येतो तेव्हा बाजा असतो," ते म्हणाले. "जाताना माझी पेटी मीच उचलतो." मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि बैठक खदखदून हसली. त्यांना ते विनोदी वाटलं.

एकदा ते म्हणाले की त्यांच्या देशात कॉफी इतकी पिकली की सरकारनं ती जाळली, समुद्रात ओतली, इंजिनात कोळशाऐवजी घातली. शेटजींना हे पटेना. "आता हे लईच झालं. कापूस कोणी जाळतं का वो, वकीलसाहेब? थापा मारून राहिला."

मग हळूहळू प्रश्न बदलले. तिथल्या बायका कशा असतात. कपडे किती घालतात. मास्तरांच्या तिथं किती होत्या. शेटजी आवाज न उतरवता विचारत आणि अण्णा "अहो, मुलगी आहे आत," असं म्हणत. पण ते थांबवण्यासाठी म्हटलेलं नसे, हसण्यात भर पडावी म्हणून म्हटलेलं असे. मग अण्णाच म्हणत, "विचार गं."

मी इंग्रजीत विचारी, "हे गृहस्थ विचारतात, तुमच्याकडे पाऊस कधी पडतो?"

मास्तर भाबडेपणानं पावसाचं सांगत. हातानं ढग दाखवत, नदीचा पूर दाखवत. शेटजी त्या हातांकडे बघून मांडीवर थाप मारत. "बघा, बघा! कमरेचं माप देऊन राहिला!" मी आत भिंतीला पाठ लावून उभी असे.  वडिलांच्या हसण्याचा आवाज मला त्या दिवसांत पहिल्यांदा वेगळा ओळखू यायला लागला. इतरांच्या मागून, थोडा उशिरा, शेटजींकडे बघून हसलेलं हसणं.

एका संध्याकाळी मास्तरांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. ज्या क्लबात ते पहिल्यांदा खेळले तो गोऱ्यांचा होता. मास्तरांची आई काळी. मग सामन्याआधी ते तोंडाला, मानेला तांदळाची पिठी लावत. अर्धा खेळ झाला की घामानं ती ओघळे आणि प्रेक्षक ओरडत. "तिकडे ते मला पांढरा करायचे," मास्तर पडद्याकडे बघून म्हणाले, "आणि इथं तुमची बाई माझी खुर्ची धुते. मी दारातून बघितलंय, मिस." मी फक्त पिठीचं सांगितलं. शेटजी म्हणाले, "आमच्या नाटकमंडळीत बी असंच करतेत." त्या दिवसापासून कापराच्या वासानं मला तेवढं मळमळेनासं झालं. मळमळायचं ते पिकदाणीच्या आवाजानं.

मैदानावर मात्र मास्तर वेगळे असत. तिथं त्यांना माझी गरज नव्हती. शिटी, हात आणि शिव्या यांच्यावर त्यांचं काम भागे. शेटजींचा थोरला मुलगा, गुरुजींचा पुतण्या, काझींच्या घरचे दोघे, मारवाड्याचा एक, अशी सगळी चांगल्या घरची मुलं होती. गोलात मात्र त्यांनी गावाबाहेरच्या वस्तीतला एक तरणा गडी उभा केला. त्याचे वडील कातडं कमवत, जोडे शिवत; क्लबाचा चेंडू उसवला की तेच टाके घालत. मुलगा चेंडूच्या मागून मैदानाबाहेर धावायचा, ते मास्तरांनी पाहिलं आणि त्याला आत बोलावलं. त्यावर बैठकीत कुरकुर झाली. पण गोलकीपर एका बाजूला एकटाच उभा असतो, कोणाला शिवत नाही, असा तोडगा गुरुजींनी काढला. पाणी तो घरून मडक्यात आणी आणि खांबामागे ठेवी.

अडचण आली ती डोक्याची. चेंडू उंच आला की आमची हिंदू मुलं मान खाली घालत. काझींची दोघं उडी मारून डोक्यानं मारत; बाकीचे गोगलगाईसारखे आत जात. मास्तर त्यांना भित्रे म्हणाले, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, स्वतःच्या टकलावर चेंडू शंभरदा आपटून दाखवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी ते दुपारीच पडद्याशी येऊन उभे राहिले. "मिस, यांच्या डोक्याला काय झालंय?"

मला समजावून सांगावं लागलं. चेंडू कातड्याचा. कपाळावर गंध. कातडं कपाळाला लागलेलं चालत नाही.

"पायाला चालतं?"

"चालतं."

"छातीला?"

"सदऱ्यावरून चालतं."

त्यांनी आधी आपल्या बुटाला, मग कपाळाला बोट लावून बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र वसमतजवळचं आजोळ आलं होतं. तिथं विहिरीवर कातड्याची मोट चाले. हळदीच्या वाफ्यांना जाणाऱ्या त्याच पाटाला ओंजळ लावून आम्ही सगळी, आजोबांसकट, पाणी प्यायचो. इतकी वर्षं मला हे कधी सुचलं नव्हतं.

नांदेडच्या कपाआधी परभणीच्या संघाबरोबर गावातच एक सामना ठरला आणि शेटजींनी थोरल्याला बजावलं की डोक्यानं मारल्याशिवाय कप मिळत नाही. थोरला म्हणाला, चेंडू शुद्ध करून द्या, मग मारतो. गुरुजींना ही अडचण फारशी मोठी वाटली नाही. आमच्या न्हाणीतलं मोठं तांब्याचं घंगाळ काढलं. त्यात पाणी, गोमूत्र, वसमतची हळद, तुळशीची पानं. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि चेंडू आत सोडला. तो तरंगायला लागला. अर्धा वर राहिला तर अर्धाच शुद्ध होईल, म्हणून आत्यानं त्यावर पाटा ठेवला. आदल्या संध्याकाळपासून सामन्याच्या सकाळपर्यंत चेंडू तिथं दाबून होता. घरातले येता-जाता नमस्कार करत. शेटजी स्वतः येऊन बघून गेले. "आता कोण काय म्हणतंय!" ते म्हणाले.

सामन्याला मैदानाच्या कडेला बायकांसाठी कनात लावली होती. आमच्या कनातीपाशीच खुर्च्या होत्या. चेंडूला कुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ. मास्तरांनी माळ काढली, चेंडू हातात तोलला आणि जमिनीवर टाकला. तो उसळलाच नाही. ते तडक कनातीशी आले. "मिस, हा चेंडू नाही, दगड आहे. पाण्यानं फुगलाय. कातडं पाणी पितं, यांना माहीत नाही? दुसरा कोरडा आहे, तो काढायला सांगा."

मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी शेटजींकडे पाहिलं. शेटजी म्हणाले, "दुसरा शुद्ध न्हाई ना! त्याला सांगा, याच्यानंच खेळायचं. पगार कोण देतं?"

मी मास्तरांना म्हटलं, "ते नाही म्हणतात." त्यांनी पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हटलं आणि शिटी वाजवली.

खेळ कसा चालला ते मला कनातीच्या फटीतून तुकड्या-तुकड्यानं दिसलं. चेंडू धपधप पडत होता. मध्यंतरानंतर गोलकीपरनं चेंडू धरला, मागे सरला आणि सगळी ताकद लावून उंच मारला. तो वर गेला आणि शेटजींचा थोरला त्याच्याखाली धावला. या वेळी त्यानं मान खाली घातली नाही. मोठ्या श्रद्धेनं, डोळे मिटून, कपाळ पुढं केलं. चेंडूच्या वादीची गाठ बरोबर गंधावर लागली. तो बसला, मग आडवा झाला, त्याला उलटी झाली आणि त्याची शुद्ध हरपली.

माणसं थोरल्याकडे धावली, आणि त्याहून जास्त गोलाकडे. "मुद्दाम मारला! चेंडूत काहीतरी भरलंय! ह्याच्या बापानंच शिवलाय!" हे पहिल्यांदा कोण ओरडलं ते मला दिसलं नाही. कनातीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. मास्तर त्या गर्दीत घुसले आणि फाटक्या सदऱ्यानिशी बाहेर आले, पण एकटेच. लोकांनी गोलकीपरला ओढत नेलं.

थोरला वाचला, दिवस उजाडायच्या आत तो शुद्धीवर आला आणि त्यानं पाणी मागितलं. पण तोवर गावात एकच गोष्ट पक्की झाली होती, की बाप-लेकांनी चेंडूत शिसं शिवून वकिलाच्या आणि शेटजींच्या डोळ्यांदेखत खून करायचा बेत केला. तहसीलदारसाहेब हैदराबादकडचे, गावात नवे. ते सकाळी आमच्याच बैठकीत चौकशीला येणार होते. त्यांना पटलं तर बाप-लेक परभणीच्या तुरुंगात जाणार होते, आणि त्यांची वस्ती तुरुंगाच्याही आधी जळेल असं बाहेर उघड बोललं जात होतं.

पहाटे मी आंघोळीला गेले तेव्हा न्हाणीत घाण वास भरला होता. केस जळाल्यासारखा, पण जास्त जाड, घशाला चिकटणारा. बंबाच्या नळीतून पिवळट धूर येत होता. घरचा गडी खाली बसून कोयत्यानं कातड्याचा शेवटचा तुकडा कापत होता. त्याच्यावर अजून हळद होती. अण्णा दारात उभे होते. "काय बघतेस? पाणी तापलंय, आंघोळ उरकून घे," ते म्हणाले. त्या पाण्यानं घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली. रात्री आमच्याकडेच राहिलेल्या गुरुजींनीही केली, संध्या केली. मी बादली मोरीत ओतली आणि ओला पंचा डोक्याला गुंडाळून बाहेर आले.

मास्तर लवकर आले. खुर्चीवर बसायच्या आधी पडद्याशी थांबले. शेटजींनी रात्री, इंग्रजीचे दोन-चार शब्द येणाऱ्या काझींच्या मुलाला पाठवून त्यांना निरोप दिला होता: चेंडू चांगला होता असं सांगा, जबलपूरला माझ्या ओळखीचा क्लब आहे, तिथं काम मिळेल. मास्तर म्हणाले, "मी नेहमी असंच पुढच्या गावाला गेलो, मिस. रंगूनला मी गप्प बसलो होतो. आसामात पण." मग त्यांनी त्या रुमालानं कपाळ पुसलं. "आज बोलणार. तुम्ही नीट सांगाल?"

 मला भीती वाटत होती, आणि पडद्याच्या आत ती कोणाला दिसत नव्हती, एवढंच बरं होतं.

बैठक भरली. तहसीलदारसाहेब मध्यभागी. अंगणात, पायरीच्या खाली, दोन शिपायांच्या मध्ये बाप-लेक उभे होते. मुलाचा एक डोळा सुजून मिटला होता. वडील पागोटं हातात धरून होते आणि ते सारखं उलटंसुलटं करत होते. तहसीलदारांनी चेंडू मागितला. अण्णा म्हणाले, "गर्दीत कुठं गेला, हुजूर, पत्ता नाही. यांनीच लपवला असणार." त्यांच्या अंगाला अजून साबणाचा वास होता.

"कोच को पूछो," तहसीलदार म्हणाले. "गेंद में कुछ खराबी थी?"

मी विचारलं. मास्तर उभे राहिले. आजवर बैठकीत ते कधी उभे राहून बोलले नव्हते. "चेंडू पाण्यात ठेवला होता," ते सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "मी खेळाआधी सांगितलं. कोरडा मागितला. दिला नाही. या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो मुलगा माझा सगळ्यात चांगला खेळाडू आहे. त्याचा काही गुन्हा नाही."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा खाकरले. मायेनं, मला लहानपणी ताप असताना ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात म्हणाले, "बाळ, मास्तर म्हणतात की त्यांना काही कल्पना नाही. असंच ना?"

"लेक शहाणी आहे," शेटजी म्हणाले. "तिला समजून राहिलं सगळं."

गुरुजींनी डोळे मिटले होते.  तिघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर लाज नव्हती. उशीर झाला की ताटावर बसून वाढण्याची वाट बघावी तसे ते वाट बघत होते. न्हाणीतला तो जळका वास बोळात अजून येत होता. 

तहसीलदारांना उर्दू हवं होतं. पण उर्दू अंगणातल्या बाप-लेकांना कळलं नसतं. मी पडदा बाजूला केला नाही, तेवढा धीर मला नव्हता. फक्त त्याला हातानं घट्ट धरलं आणि पायरीखाली उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मराठीत म्हणाले, "चेंडू रात्रभर आमच्या न्हाणीत घंगाळात बुडवून ठेवला होता, वर पाटा ठेवून. मास्तरांनी दुसरा मागितला, तो यांनी दिला नाही. आणि आज पहाटे अण्णांनी तो आमच्याच बंबात जाळला. मी बघितलंय."